पाण्यातले शिखर

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता भिगवण मागे टाकून पुढे निघाला, की डाव्या हाताला पाणी सोबतीस येते. प्रथम ते उसाच्या फडांआडून क्षणभर चमकते आणि लपते. मग एखाद्या उघड्या माळापाशी एकदम सामोरे येते. पलीकडचा तीर धूसर रेषेसारखा भासतो. या रस्त्यालगत डाळज आहे. या एकाच नावाची तीन गावे असल्यामुळे ती डाळज क्रमांक 1, 2 आणि 3 अशी ओळखली जातात. हिवाळ्यात या परिसरातील उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पहाटे मासेमारांच्या होड्या पाण्यात जातात आणि ऊन चढण्यापूर्वी परततात. नवख्या प्रवाशाला वाटावे, की हे सरोवर सृष्टीच्या आरंभापासून येथेच असेल. परंतु तसे नाही. या पाण्याच्या जागी ज्वारीची ताटे डोलताना ज्यांनी पाहिली, अशी वृद्ध माणसे काठच्या गावांत अजून आहेत. हे सरोवर त्यांच्याहून वयाने लहान आहे.

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा नदी या भागातून वाहत पुढे पंढरपुरास जाते आणि तेथे चंद्रभागा या नावाने वंदिली जाते. वाटेत सोलापूर जिल्ह्यातील उजनी येथे तिला बांध घातला आहे. त्या कामाचा प्रारंभ 1966 साली झाला आणि 1980 साली धरण पूर्ण झाले. अडवलेले पाणी मागे मागे सरत गेले. नदीचे पात्र भरले, ओढे भरले, मग काठची शेते आणि अनेक गावांची घरे पाण्याखाली गेली. सुमारे 117 अब्ज घनफूट पाणी सामावणाऱ्या या जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. डाळजपासून इंदापूरच्या दिशेने थोडे पुढे गेले, की पळसदेव हे गाव लागते. नव्या पाण्यासाठी या गावानेही आपली जुनी जागा सोडली. माणसे उंचावर राहावयास गेली आणि तेथे त्यांनी पळसनाथाचे नवे देऊळ उभारले. जुने देऊळ मात्र नदीकाठी होते तेथेच राहिले. दगडाच्या देवळाला पाय नसतात!

पावसाळा संपून जलाशय तुडुंब भरला, म्हणजे हे जुने देऊळ पाण्यात बुडते. पुढे उन्हाळा येतो, पाणी ओसरू लागते आणि लाटांमधून शिखराचा माथा डोकावतो. पाणी आणखी उतरले, की शिखराचा मधला भाग दिसतो. फारच उतरले, तर मंडप, भिंती आणि आवार यांचे दर्शन घडते. यात एक मौज आहे. बांधणाऱ्यांनी हे देऊळ पायापासून माथ्यापर्यंत चढवीत नेले. पाणी ते माथ्यापासून पायापर्यंत उलगडून दाखवते. पाण्याच्याच क्रमाने ते पाहिले, तर त्याची रचना चांगली ध्यानात येते.

सर्वांत आधी दिसते ते शिखर. देवळाचे अंग दगडाचे, पण शिखर विटांचे आहे. असे का केले असावे? दगड बळकट खरा, पण जड. उंच शिखर दगडाचेच रचले, तर त्याचा सारा भार खालच्या भिंतींवर पडतो. वीट त्या मानाने हलकी. ती हातात मावते, हवी तशी रचता येते आणि तिच्यावर चुन्याचा लेप देऊन नाजूक नक्षीही काढता येते. शिवाय नदीकाठी विटांसाठी मातीला काय तोटा! जेथे भार पेलावयाचा तेथे दगड आणि जेथे उंची गाठावयाची तेथे वीट, अशी ही वाटणी आहे. प्रत्येक वस्तूला तिला साजेसे काम द्यावे, हे शहाणपण त्या गवंड्यांनी विटांतच लिहून ठेवले आहे.

या शिखराच्या घाटाला शिल्पशास्त्रात भूमिज असे म्हणतात. त्याची ओळख सोपी आहे. शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यातून एकेक उभी पट्टी तळापासून माथ्याकडे निमुळती होत जाते. ती वेलीसारखी वर चढते, म्हणून तिला लता हे सुंदर नाव आहे. दोन लतांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. अशा प्रत्येक थराला भूमी म्हणतात. खालच्या थरातील शिखरे मोठी, त्यावरची त्याहून लहान, माथ्याजवळची अगदी इवलीशी. त्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप वर ओढली जाते आणि शिखर असते त्याहून उंच भासते. एका मोठ्या शिखराच्या अंगाखांद्यावर त्याच्याच आकाराची बाळे खेळत असावीत, तसे ते दृश्य असते. सिन्नरचे गोंदेश्वराचे देऊळ याच घाटाचे आहे. कल्याणजवळच्या अंबरनाथच्या शिवमंदिराचे शिखरही याच कुळातले. अंबरनाथच्या देवळात शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख आहे. यावरून महाराष्ट्रात ही कला किती जुनी आहे याची कल्पना येते.

पाणी आणखी खाली गेले, की मंडप उघडा पडतो. पळसनाथाचे देऊळ सामान्यतः यादवांच्या काळातले मानतात. त्या काळच्या देवळात प्रथम मंडप, मग अंतराळ नावाची अरुंद जागा आणि शेवटी गाभारा अशी रचना असते. मंडपात उजेड असतो, अंतराळात तो मंदावतो आणि गाभाऱ्यात समईपुरता उरतो. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे आणि मन हळूहळू शांत व्हावे, अशी ही योजना असते.

मंडपातील खांब एकमेकांच्या जवळ जवळ असतात. यालाही कारण आहे. दगडावर कितीही भार ठेवा, तो सहसा चिरडत नाही. पण दोन टोकांवर टेकवून मध्ये भार दिला, तर तो मोडू शकतो. लाकडाची तुळई थोडी वाकते. दगडाची तुळई वाकत नाही, तिला तडाच जातो. म्हणून दगडी तुळया आखूड ठेवाव्या लागतात, आणि तुळया आखूड म्हणजे खांब जवळ जवळ. मग छत कसे झाकावे? त्यासाठी त्या पाथरवटांनी एक सुरेख युक्ती योजली होती. चार खांबांवरच्या तुळयांनी एक चौकोन तयार होतो. त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक शिळा तिरपी ठेवली, की मधली मोकळी जागा कमी होते आणि तिला तिरका चौकोनी आकार येतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा चार शिळा ठेवल्या, की ती जागा आणखी लहान होते. असे करता करता शेवटी एकाच दगडाने झाकता येईल एवढी फट उरते. तेथे कोरलेले कमळ बसवले, की छत पुरे झाले. कागदाचे तुकडे घेऊन कोणीही हा खेळ करून पाहावा; आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचे डोके कसे चालत असे, ते बोटांना कळेल.

भिंतींची कथा याहून नवलाची आहे. या काळातील अनेक देवळांच्या भिंतींत दगडांमध्ये चुना भरलेला नसतो. दगड इतके नेमके घडवलेले असतात, की एकाच्या खाचेत दुसऱ्याचे कूस बसते आणि वरचा भार त्यांना जागच्या जागी दाबून धरतो. अशा बांधणीला लोक हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हे तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारी मोठे अधिकारी होते. परंतु ही रीत त्यांच्याही आधीची आहे. अंबरनाथचे देऊळ त्यांच्यापूर्वी दोन शतके उभे राहिले होते. तरीही लोकांनी एका कर्त्या पुरुषाचे नाव या साऱ्या बांधणीला दिले आणि ते टिकले. ज्यांच्या हातांनी टाकीचे घाव घातले, त्या पाथरवटांची नावे मात्र कोणाच्या ओठांवर राहिली नाहीत. त्यांचे काम तेवढे राहिले. वर्षाचे कित्येक महिने ते पाण्याखाली असते, लाटांचे तडाखे सोसते आणि तरीही त्या अनामिक हातांची साक्ष देते.

सर्वांत शेवटी आवार मोकळे होते. गाळाने माखलेल्या जमिनीवर वीरगळ दिसतात. गावाचे वा गुरांचे रक्षण करताना जो पुरुष धारातीर्थी पडला, त्याच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा म्हणजे वीरगळ. ती चित्रकथेसारखी खालून वर वाचावयाची असते. खालच्या चौकटीत लढाई असते. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला स्वर्गाकडे नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर चंद्र व सूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर या पुरुषाची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. ज्यांनी त्या शिळा उभारल्या, त्यांना कोठे ठाऊक होते, की एक दिवस हे चंद्रसूर्यही पाण्याखाली जातील आणि खऱ्या सूर्याने पाणी आटवले तरच वर येतील!

येथे कोणाच्याही मनात प्रश्न येईल, की असे देऊळ बुडू तरी का दिले? याचे उत्तर सोपे नाही. इंदापूर आणि सोलापूर हा कमी पावसाचा प्रदेश. येथे शेतकऱ्याची नजर पिकापेक्षा आकाशाकडे अधिक असे. पाऊस दगा देई, विहिरी तळ गाठत आणि माणसे गुरांसह घरे सोडीत. उजनीच्या पाण्याने या जमिनीचे रूप पालटले. जेथे कुसळे उगवत, तेथे ऊस आणि केळी उभी राहिली. शहरांच्या नळांना पाणी मिळाले. भिगवणच्या बाजारात मासळीचा व्यापार वाढला. हे सारे त्याच पाण्याने दिले, ज्याने देवळे आणि गावे घेतली. ज्यांचे घर बुडाले आणि ज्यांचे शेत भिजले, ती माणसे पुष्कळदा एक नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. काठच्या लोकांनी वाडवडिलांचे उंबरठे सोडले. त्या त्यागातून दूरवरच्या शिवारात पाट वाहू लागले. कृतज्ञतेचा हिशेब करताना ही नोंद पुसता येत नाही.

असा प्रसंग केवळ भीमेच्या काठीच आला असे नाही. युरोपातील आल्प्स पर्वतात, इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमांजवळ ग्राउन नावाचे एक छोटे गाव होते. इटालियन लोक त्याला कुरोन म्हणतात. तेथे वीज निर्माण करण्यासाठी 1950 साली मोठा जलाशय करण्यात आला आणि दीडशेहून अधिक घरे पाण्याखाली गेली. गावचे चर्च पाडण्यात आले, पण त्याचा चौदाव्या शतकातला घंटेचा मनोरा तेवढा ठेवला. जाड दगडी भिंती, वरच्या मजल्यांवर कमानदार खिडक्या आणि माथ्यावर टोकदार छप्पर असा तो मनोरा आज तळ्यातून एकटाच वर आलेला दिसतो. कडक हिवाळ्यात तळे गोठते आणि बर्फावरून चालत त्याच्यापर्यंत जाता येते. त्यातील घंटा 1950 सालीच उतरवून नेल्या होत्या. तरीही थंडीच्या रात्री पाण्यातून घंटानाद ऐकू येतो, अशी कथा तेथील लोक सांगतात. गाव बुडाले, तरी त्याची आठवण बुडत नाही, हेच त्या कथेचे मर्म आहे.

पळसनाथाचे शिखर आणि ग्राउनचा मनोरा यांचा धर्म वेगळा, देश वेगळा, दगडही वेगळा. पण दोघांचे नशीब एक. मात्र एका गोष्टीत ग्राउनचा मनोरा अधिक भाग्यवान ठरला. त्याला तडे गेलेले दिसताच 2009 साली त्याची दुरुस्ती करण्यात आली. पाण्यात उभ्या असलेल्या वास्तूलाही वैद्य लागतो, हे तेथील लोकांनी ओळखले.

कारण पाणी जसे जपते, तसे झिजवतेही. जी वास्तू सदैव खोल पाण्यात असते, तिला एका परीने स्वस्थता असते. आणि जी सदैव कोरड्या जमिनीवर असते, तिची निगा राखता येते. पळसनाथाच्या देवळाच्या वाट्याला दोन्ही अवस्था आळीपाळीने येतात. भिजलेली वीट उन्हात सुकते आणि पुन्हा भिजते. सांध्यांतील चुना थोडा थोडा विरघळत जातो. पाण्याची पातळी जेथे असेल तेथे लाटा दिवसरात्र थडकतात. गाळ कोनाड्यांत आणि कोरीव कामात साचत राहतो. काळा दगड हे पुष्कळ काळ सोसतो. वीट आणि चुना यांना ते तितके सोसत नाही. म्हणजे जे शिखर सर्वांत आधी डोके वर काढते, तेच सर्वांत नाजूक आहे.

आणि आता या देवळाची सर्वांत विलक्षण गोष्ट. 2024 सालच्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले आणि पळसनाथाचे जुने देऊळ पुन्हा उघडे पडले. लोक लांबून पाहावयास आले. वृद्धांनी नातवंडांना बोट धरून जुने गाव दाखवले. परंतु त्याच दिवसांत काठावरचे शेतकरी पाण्यापर्यंत पोचण्यासाठी पंपाचे पाइप लांबवीत होते. देऊळ सर्वांगाने दिसावे, तर शिवार तहानलेले असावे लागते. शिवार तृप्त असावे, तर देऊळ दिसत नाही. म्हणून येथील माणसाला या देवळाचे दर्शन देवाजवळ मागता येत नाही. ते मागणे म्हणजे दुष्काळ मागणे होय. ते दिसले तर त्याने हात जोडावेत. आणि पुढच्याच श्वासात, हे लवकर पुन्हा बुडो, अशी प्रार्थना करावी. ज्याच्यावर प्रेम आहे ते डोळ्यांआड राहावे अशी इच्छा करणे किती कठीण! पण भीमाकाठच्या लोकांनी हे कठीण प्रेम जवळपास अर्ध्या शतकापासून निभावले आहे.

जे क्वचित दिसते, ते पाहणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. पाणी उतरते तेव्हा काही जण आठवण म्हणून कोरीव दगडाचा तुकडा उचलू पाहतात, तर काही जण खांबावर आपले नाव ओरखडतात. ज्या पाथरवटाने आयुष्य वेचून तो खांब घडवला, त्याने आपले नाव त्यावर मोठ्या अक्षरांत कोरले नाही. मग क्षणभर आलेल्या पाहुण्याने ते का कोरावे? याउलट, त्या थोड्या दिवसांत जाणत्या माणसांनी देवळाचे माप घेतले, प्रत्येक खांबाचे आणि वीरगळाचे चित्र काढले, छायाचित्रे घेतली, तर पुढे एखादा भाग ढासळला तरी त्याचे ज्ञान नाहीसे होणार नाही. वही आणि पेन्सिल घेऊन गेलेला शाळकरी मुलगाही, गाळाच्या फसव्या जमिनीपासून दूर राहून, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने एखाद्या नक्षीची आकृती काढू शकतो. तो एक कागद म्हणजे देवळाला दिलेला आधाराचा हातच.

दर पावसाळ्यात भीमेला पूर येतो आणि जलाशय भरू लागतो. गाळाच्या भेगा मिटतात, वीरगळांवरचे चंद्रसूर्य झाकले जातात, मंडपात पाणी शिरते, आणि अखेर चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकेक करून बुडतात. पाण्यावर शेवटी एकही खूण उरत नाही. तेव्हा डाळजच्या शिवारात उसाला पाणी सुटते आणि काठची माणसे समाधानाने म्हणतात, की यंदा धरण भरले. त्या समाधानाच्या तळाशी एक जुने देऊळ उभे आहे, ही गोष्ट मात्र त्यांनी आपल्या मुलांना सांगत राहिले पाहिजे.